विहिरीतला तांबडा पट्टा आणि छाटणीची वही : द्राक्ष बागायतदारांना खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील सर्व द्राक्ष बागायतदार बंधू-भगिनींस,

सप्रेम नमस्कार.

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदाराची मुलगी. एकोणतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त होऊन नाशिकला राहते. बाग भाऊ बघतो. छाटणीला, थिनिंगला (घडातले मणी विरळ करायला) आणि माल उतरायच्या दिवसांत माझी फेरी ठरलेली असते.

मागच्या महिन्यात भावाबरोबर एका चर्चासत्राला गेले होते. औषधं, खतं, खुंट, निर्यातीचे निकष असं सगळं झालं आणि शेवटी एका वक्त्याने पडद्यावर मोठा आलेख लावला. लाखो वर्षांचं तापमान, खालीवर जाणारी रेघ. म्हणाले, ‘हवामान कायमच बदलत आलंय. तेव्हा कुठे गाड्या होत्या, कुठे कारखाने होते? हा निसर्गाचा खेळ आहे, दोन-चार वर्षांत बसेल घडी. उगाच घाबरू नका.’ सभागृहात टाळ्या पडल्या. माझ्या भावानेही वाजवल्या. लागोपाठ हंगाम मार खाल्लेल्या माणसाला कुणी ‘बसेल घडी’ म्हटलं तर त्याला बरं वाटणारच. पण माझ्या पोटात कालवलं. मी हात वर केला, तेवढ्यात जेवणाची घोषणा झाली. तिथे बोलायचं राहिलं ते या पत्रात लिहिते आहे.

पहिली गोष्ट, ते वक्ते खोटं बोलले नाहीत. हवामान खरोखरच कायम बदलत आलं आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्या-आमच्या विहिरीत आहे.

२००३ च्या दुष्काळात वडिलांनी विहीर आणखी खोल घ्यायचं ठरवलं. काळी माती, मुरूम, मग पांढऱ्या गारगोट्यांचे डाग असलेला मांजऱ्या खडक, मग सुरुंगालाही दाद न देणारा काळा पाषाण. त्याच्याखाली हातभर जाडीचा तांबडा पट्टा लागला. खोदणारे मिस्त्री म्हणाले, ‘हा लाल लागला की आमच्या हिशेबाने एक मजला संपला.’ वडिलांनी टोपलीतून वर आलेलं एक ढेकूळ माझ्या हातावर ठेवलं. विटकरी रंगाचं, नखाने खरवडलं की भुगा पडणारं.

मिस्त्रींचा हिशेब अगदी बरोबर होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या या भागात जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, थरावर थर. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरहून जास्त भरते. आज पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या दगडाने झाकलेला आहे. साल्हेर त्याचाच, ब्रह्मगिरी त्याचाच, पांडवलेण्यांची भिंतही त्याचीच. एक लोंढा थंड झाला की पुढचा येईपर्यंत मध्ये मोठी उसंत मिळायची, कधी कधी हजारो वर्षांची. त्या काळात पाऊस पडायचा, खडक कुजायचा, माती व्हायची. मग त्या मातीवर पुन्हा तापलेला लाव्हा पसरायचा. आपल्या विहिरीतला तो तांबडा पट्टा म्हणजे अशी गाडली गेलेली जमीन आहे. एका काळी उघड्यावर असलेलं, पावसात भिजलेलं रान. आणि हे सगळं घडत होतं तेव्हा आपली ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. भारत नावाचा तुकडा तेव्हा एकटाच समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता.

त्या लाव्ह्याबरोबर वायूही बाहेर पडले. गंधकाच्या वायूंनी ऊन अडवून हवा काही काळ गार केली असणार. कार्बन डायऑक्साइड मात्र हवेत साठत गेला आणि त्याने पृथ्वी काही अंशांनी तापवली. म्हणजे आपल्या पायाखालचा दगड हाच एका मोठ्या नैसर्गिक हवामानबदलाचा कर्ता आहे. पुढची गोष्ट मला शिकवताना फार आवडायची. हाच दगड कार्बन परत खातोही. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, हा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, झिजवतं, त्यातलं कॅल्शियम सोडवतं. ते नद्यांनी समुद्रात जातं आणि तिथे चुनखडी होऊन कार्बन तळाशी बसतो. तुमच्या जमिनीत चुनखडी निघते आणि वेल पिवळा पडतो म्हणून तुम्ही फेरसची फवारणी करता ना, ती चुनखडी याच रसायनाची घरातली आवृत्ती. या झिजेने पृथ्वी पुन्हा ताळ्यावर येते, पण तिला लाखो वर्षं लागतात.

आपल्या महाराष्ट्रातच याहून जुना पुरावा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ चुनखडीच्या खडकावर लांबलचक ओरखडे आहेत. बर्फाच्या नदीने दगडगोटे घासत नेले की जसे पडतात तसे. वय साधारण तीस कोटी वर्षं. चंद्रपूर! आज जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तिथे हिमनदी होती. तेव्हा भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे सगळे एकाच खंडात, दक्षिण ध्रुवाच्या शेजाराला होते. उलट पाच कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी इतकी उबदार होती की कॅनडाच्या अगदी उत्तरेच्या बेटांवर सुसरींचे भाऊबंद आणि कासवं राहत होती. तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्या दुपटीहून जास्त होता.

वर्गात मुलं एवढं ऐकून हमखास विचारायची, ‘मग बाई, हे बदललं कशामुळे?’ चर्चासत्रात हाच प्रश्न कुणी विचारला नाही. हवामान आपोआप, मनात आलं म्हणून कधीच बदललेलं नाही. दर वेळी कारण होतं. खंड सरकले, ज्वालामुखी फुटले, डोंगर उठले, हवेतला कार्बन वाढला किंवा घटला. नाहीतर पृथ्वीची फिरण्याची तऱ्हा बदलली.

ही शेवटची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण त्या आलेखातली वरखाली बहुतेक तिचीच होती. सर्बियाचे मिलुटिन मिलान्कोविच यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, कागद-पेन्सिलीने, वर्षानुवर्षं हिशेब केला. पृथ्वीची कक्षा सुमारे एक लाख वर्षांच्या फेऱ्याने कमी-जास्त लांबट होते. आसाचा कल ४१ हजार वर्षांत २२ आणि साडेचोवीस अंशांच्या दरम्यान हेलकावतो. आणि भोवरा मंदावताना जसा डुलतो तसा आस डुलतो, त्यामुळे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या महिन्यात येते हे बदलत राहतं. आज ती जानेवारीच्या सुरुवातीला जवळ येते. नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी ती उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्याच्या दिवसांत जवळ यायची. जमीन जास्त तापायची, मान्सून जोरदार ओढला जायचा. तेव्हाचा आपला पाऊस आजच्यापेक्षा दणकट होता आणि सहारात तळी होती, गवत होतं. त्याच्याही आधी, २१ हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि आपला मान्सून दुबळा होता.

आता एक आकडा मनात पक्का ठेवा. ते हिमयुग आणि अलीकडच्या काही हजार वर्षांचं सुखाचं हवामान यांच्यात जगाच्या सरासरी तापमानाचा फरक किती? पाच-सहा अंश. निफाडला हिवाळ्यात एकाच दिवसात पहाट आणि दुपार यांच्यात वीस-बावीस अंशांचा फरक पडतो, म्हणून पाच-सहा अंश आपल्याला किरकोळ वाटतात. पण सरासरी पाच-सहा अंशांनी हलली तेव्हा उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपावर किलोमीटर-किलोमीटर जाडीचा बर्फ होता.

आणि माणसांचं काय झालं, हेही त्या आलेखात दिसत नाही. २०१८ मध्ये भूवैज्ञानिकांनी आपण जगतो त्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिलं, कारण त्याची सुरुवात मेघालयातल्या मॉमलूह गुहेतल्या एका लवणस्तंभात वाचता आली. थेंब थेंब पाण्याने वाढलेल्या त्या चुन्याच्या खांबात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस कमी झाल्याची खूण आहे. आपल्याकडे यायचं तर डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकला मातीच्या गढीत आणि संगमनेरजवळ जोर्वे इथे उत्खनन केलं. जोर्व्याची ती तांबडी, काळ्या नक्षीची मडकी करणारे लोक आपल्या खोऱ्यातले जुने शेतकरी होते. पुढे घोड नदीकाठी इनामगावला त्यांचं सगळं गावच सापडलं. पाण्यासाठी पाट काढलेला, गहू-जव पिकवलेले, आयताकृती ऐसपैस घरं. आणि वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांत? लहानशा गोल झोपड्या. शेती आटली, शिकार आणि जनावरं वाढली. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातली त्यांची बरीच गावं तर इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास ओस पडली. पावसाने दगा दिल्यामुळे हे झालं, असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडलं. हा बदल निसर्गाचाच होता. पण म्हणून त्या गावांची घडी दोन-चार वर्षांत बसली नाही.

‘पूर्वीही बदललं होतं’ हे वाक्य ऐकून निश्चिंत कसं व्हायचं, ते मला म्हणूनच समजत नाही. हवामान ढिम्म राहणारं असतं, कितीही ढकललं तरी न हलणारं, तर निश्चिंत होता आलं असतं. पृथ्वीचा इतिहास सांगतो की ते थोड्या धक्क्यानेही हलतं.

आता धक्का कोण देतंय? मिलान्कोविचचा फेरा बघायला गेलात तर उत्तर गोलार्धातलं उन्हाळ्याचं ऊन गेली दहा हजार वर्षं हळूहळू उतरत आहे. तो कल थंडीकडचा आहे. सूर्याची शक्ती १९७८ पासून उपग्रह मोजतात. तिचा अकरा वर्षांचा चढउतार दिसतो, वाढ दिसत नाही. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याच्या शंभरपटीहून जास्त आपण कोळसा, तेल, गॅस जाळून सोडतो. आणि हवेत वाढलेला कार्बन कुठून आला हे ओळखताही येतं. कार्बनचे काही अणू हलके, काही जड असतात. वनस्पती हलका कार्बन जास्त घेतात, कोळसा-तेल हे जुन्या वनस्पतींचं आणि शेवाळांचं असतं. गेल्या दीडशे-दोनशे वर्षांत हवेतल्या कार्बनमध्ये हलक्याचं प्रमाण वाढत गेलं आहे. वासावरून घरातलं कोणतं तेल जळतंय हे कळतं, तसंच हे.

आता वेगाबद्दल. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढ्याचसाठी आहे.

वडिलांची छाटणीची पहिली वही १९८५ सालची. शंभर पानी, पुठ्ठ्यावर तेलाचा डाग. तारीख, छाटलेल्या ओळी, पोंगा (फुटणारा डोळा) कधी दिसला, पाऊस झाला का, डाऊनी (ओलीने येणारा बुरशीचा रोग) कुठल्या कोपऱ्यातून सुरू झाली, सगळं निळ्या शाईत. त्या वर्षी हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत ३४५ च्या आसपास होता. २०२४ मध्ये तो ४२४ झाला. म्हणजे चाळीसेक वर्षांत जवळपास ऐंशी भागांची वाढ. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे मागच्या आठ लाख वर्षांचा हिशेब देतात. त्या सबंध काळात हा आकडा साधारण १७० ते ३०० च्या दरम्यान राहिला. शेवटचं हिमयुग उठलं, किलोमीटरभर जाडीचे बर्फ वितळले, समुद्र शंभर मीटरहून जास्त वर आला, त्या वेळीही हा आकडा असाच ऐंशीएक भागांनी वाढला होता. त्याला लागली होती सहा-सात हजार वर्षं. तेवढीच वाढ वडिलांच्या आणि भावाच्या वह्यांत, एका कपाटाच्या एका खणात मावली आहे.

साडेपाच कोटी वर्षांपूर्वी एकदा निसर्गानेच भरभर कार्बन सोडला होता आणि पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली होती. भूविज्ञानात ती घटना ‘भरभर’ म्हणूनच शिकवली जाते. आज आपण वर्षाला जेवढा कार्बन सोडतो, त्याच्या साधारण दहावा भाग तेव्हा वर्षाला सुटत होता. आणि ते निवळायला दीड-दोन लाख वर्षं गेली.

घरी येऊन मी त्या पडद्याचा हिशेब केला. पडदा तीन मीटर रुंद धरा, आलेख आठ लाख वर्षांचा. म्हणजे एका सेंटिमीटरला जवळजवळ २,७०० वर्षं. माझ्या वडिलांची पहिली वही ते आजचा दिवस हे अंतर त्यावर दोन केसांच्या जाडीएवढं भरतं. ते रेघेतच बुडून जातं. म्हणूनच त्या आलेखावर काहीच विशेष घडताना दिसत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. कुठलीही एखादी गारपीट दाखवून ‘ही तापमानवाढीनेच आणली’ असं मी म्हणणार नाही. वडिलांच्या जुन्या वह्यांतही गारा आहेत. पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि पडायची वेळ आली की जास्त ओतते, हे साधं भौतिकशास्त्र आहे. २०२४ साली जगाचं सरासरी तापमान औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा दीड अंशाने जास्त भरलं. वह्यांतले अवकाळीचे शेरे तुम्हीही आठवून बघा. नोव्हेंबर २००९, फयान वादळाचा पाऊस, पुढे डाऊनी. मार्च २०१४, तयार मालावर गारपीट. २६ नोव्हेंबर २०२३, पुन्हा गारा. आणि २०२५ चा मे. खरड छाटणीनंतर काडीत पुढच्या हंगामाचा घड धरायचा तो महिना. त्याला कडक ऊन लागतं आणि नेमका तेव्हा पाऊस. भाऊ ऑक्टोबरात छाटून फुटीची वाट बघत होता. फुटी आल्या, घडच नव्हते. संध्याकाळी ओळीतून चालत यायचा, काही बोलायचा नाही.

‘बसेल घडी’ हा सल्ला फुकट नसतो, तो याच माणसाला महाग पडतो. घडी बसणार असेल तर सोसायटीचं कर्ज काढून बागेवर प्लास्टिकचं आच्छादन कशाला घालायचं, चर कशाला काढायचे, छाटणीच्या तारखा का फोडायच्या, सगळी बाग एकाच वाणाखाली का ठेवायची नाही? आणि घडी बसणार नसेल तर याच गोष्टींचा विचार आजच करायला हवा, आणि तो एकट्याने नाही, गावाने बसून. आच्छादनाला अनुदान मागताना, विम्याचे निकष भांडून बदलून घेताना आपणच जर ‘हा निसर्गाचा खेळ’ म्हणत बसलो, तर समोरचा अधिकारी तेच वाक्य आपल्या तोंडावर फेकेल.

माझ्या दोन विनंत्या आहेत.

पुढच्या चर्चासत्रात कुणी असा आलेख लावला तर हात वर करून एवढंच विचारा, ‘साहेब, खाली एका सेंटिमीटरला किती वर्षं धरलीत?’ आणि त्यानंतर, ‘या प्रत्येक चढाचं कारण काय होतं?’ अपमान करायला नाही, समजून घ्यायला विचारा. आयोजकांनी या विषयाला औषध कंपन्यांच्या भाषणानंतरची उरलेली दहा मिनिटं न देता एक पुरा तास द्यावा. ज्यांनी खडक, गुहा, तळ्यांचा गाळ वाचण्यात आयुष्य घातलं, अशा माणसांना बोलवावं.

दुसरी विनंती वह्यांची. तुमच्यातल्या कित्येकांच्या घरी अशा वह्या आहेत. वडिलांच्या, आजोबांच्या, कपाटावर, माळ्यावर, पाठीमागे औषधांची बिलं अडकवलेल्या. दिवाळीच्या आवराआवरीत त्या रद्दीत जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तालुक्याच्या पर्जन्यमापकात गावच्या कोपऱ्यातला पाऊस सापडत नाही, त्या शाईत सापडतो. पान पान फोनवर टिपून घ्या, छाटणीची तारीख, पावसाचे दिवस आणि रोग यांचे तीन रकाने करा. गावात दहा घरांच्या वह्या जुळल्या तरी मॉमलूहच्या खांबासारखी आपल्या खोऱ्याची चाळीस वर्षं ओळीने मांडता येतील. हे उतरवून काढायला मी बसायला तयार आहे, डोळे अजून चांगले आहेत आणि वेळ भरपूर आहे.

वडिलांच्या वह्यांपासून सुरुवात केली आहे. १९८५ ते १९९१ झाल्या. १९९२ च्या वहीत मधली चार पानं पावसात भिजून एकमेकांना चिकटली आहेत, ती अजून सुटलेली नाहीत.

आपली,
दिंडोरीची एक लेक, निवृत्त भूगोल शिक्षिका
नाशिक